सामान न बघता सांगितलेला दर

पुण्याहून बंगळूरला दोन बीएचकेचा संसार हलवायचा आहे असं धरू. मोबाइलवर पॅकर्स-मूव्हर्स शोधले, एका पानावर नाव-नंबर टाकला की तासाभरात आठ-दहा फोन येतात, कारण तो एकच नंबर अनेकांना विकलेला असतो. कोणी 42 हजार सांगतो, कोणी 38, आणि एक जण म्हणतो 22. "सामान काय काय आहे सर? डबलबेड, कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन, थोडी भांडी? चला, 22 हजारांत घरपोच. 2 हजार टोकन टाका, गाडी आत्ता ब्लॉक करतो." हे आकडे उदाहरणादाखल आहेत, पण या फसवणुकीचा क्रम जवळजवळ कधीच बदलत नाही. टोकन गेलं की बाकीचं सगळं त्या माणसाच्या हातात असतं.

22 हजारांत हे का बसत नाही, याचा हिशोब कागदावर मांडता येतो. पुणे-बंगळूर अंतर साधारण 840 किलोमीटर. दोन बीएचकेच्या सामानाला 14 फुटी गाडी लागते. भरलेली गाडी लिटरला 7-8 किलोमीटर देते असं धरलं तर 105 ते 120 लिटर डिझेल, म्हणजे 90 रुपयांच्या आसपासच्या भावाने साडेनऊ ते अकरा हजार फक्त इंधनाचे. त्यावर टोल, ड्रायव्हरचे दोन-तीन दिवस, दोन्ही टोकांना चार-चार हमाल, बबल रॅप, पुठ्ठा, खोकी, गाडी रिकामी परतण्याची जोखीम आणि धंद्याचा नफा. स्वतंत्र गाडी या दरात जाऊच शकत नाही. असा दर दोनच परिस्थितींत दिला जातो: सामान दुसऱ्यांच्या सामानाबरोबर एका मोठ्या गाडीत जाणार असतं, किंवा उरलेले पैसे वाटेत काढायचे असतात. पहिली पद्धत वाईट नाही, फक्त ती आधी सांगून लेखी ठरलेली हवी.

वाटेत पैसे काढण्याची तजवीज कोटेशनमध्येच केलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पानावर खाली बारीक अक्षरात एक ओळ असते: "नमूद नगांपेक्षा जास्त नग झाल्यास जादा आकार पडेल." आणि वर नग लिहिलेले असतात 30. घर बघितलेल्याला हा आकडा लगेच खटकतो. 'नग' म्हणजे वस्तू नव्हे, गाडीत चढणारं प्रत्येक बोचकं. डबलबेड खोलला की हेडबोर्ड, दोन बाजूच्या पट्ट्या, स्टोरेजच्या पेट्या आणि वरच्या प्लायच्या फळ्या असे सहा-सात नग होतात. स्वयंपाकघर आठ-दहा खोक्यांत जातं, पुस्तकं पाच-सहा, कपडे सात-आठ. दोन बीएचकेचं घर 60 नगांच्या खाली सहसा बसतच नाही. म्हणजे 30 नगांचं कोटेशन स्वीकारलं की निम्म्या घराचा दर ठरलेलाच नसतो.

दुसरं माप घनफुटाचं. 14 फुटी गाडी साधारण 6 फूट रुंद, 6 फूट उंच धरली तर 504 घनफूट जागा. शेअर गाडीत "तुमचं 250 घनफूट धरलंय" असं फोनवर सांगतात आणि माल चढल्यावर "400 भरलं" म्हणतात. तेव्हा मोजायला टेप कोणाकडे नसतो आणि घराची किल्ली मालकाला परत द्यायची वेळ झालेली असते.

सामान भरायच्या दिवशी येणारी माणसं बहुतेक वेळा फोनवर बोललेल्या कंपनीची नसतात. त्या कंपनीला गाडी नाही, गोडाऊन नाही. तिने ते काम दुसऱ्याला दिलेलं असतं आणि त्याने तिसऱ्याला. हमालांचा मुकादम एक वही पुढे करतो, घाईघाईत वस्तूंची यादी करतो आणि प्रत्येक ओळीपुढे लिहितो: "जुने", "स्क्रॅच", "डेंट". दोन महिन्यांपूर्वी घेतलेल्या टीव्हीपुढेसुद्धा. त्याखाली सही घेतली जाते. पुढे टीव्ही फुटून आला की हीच यादी दाखवतात. म्हणून सही करण्याआधी त्या ओळी खोडून तिथे खरी स्थिती लिहायची, टीव्ही चालू करून त्याचा व्हिडिओ काढायचा आणि यादीच्या प्रत्येक पानाचा फोटो स्वतःकडे ठेवायचा. हमाल कुरकुर करतील, करू द्यावी.

गाडी निघते ती थेट बंगळूरला जात नाही. शहराबाहेरच्या एखाद्या गोडाऊनमध्ये माल उतरतो आणि दुसऱ्या गाडीची वाट बघत पडून राहतो. बऱ्याचशा वस्तू इथेच, दुसऱ्यांदा चढवता-उतरवताना मोडतात, आणि नग हरवतात तेही इथेच. दोन दिवसांनी फोन येतो: माल जास्त निघाला, अजून 18 हजार पाठवा, नाहीतर गाडी पुढे जाणार नाही. नव्या घरात गादी नाही, भांडी नाहीत, मुलांची पुस्तकं, औषधं त्याच खोक्यांत. माणूस पैसे देतो. पैसे जातात ते कंपनीच्या खात्यात नाही, कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर. कधी कधी ते मिळाल्यावर आणखी एक फोन येतो.

या फोनवर जी कारणं सांगतात, त्यातली बरीच सरळ खोटी असतात. 'ई-वे बिल', म्हणजे माल नेताना जीएसटीसाठी काढायचा ऑनलाइन दाखला, म्हणून दोन-तीन हजार मागतात, पण वापरातल्या वैयक्तिक आणि घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, नियमांतच तशी सूट आहे. 'जकात' मागितली तर ती कोणाला देणार? मुंबईतली जकात 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर संपली, महाराष्ट्रातल्या इतर शहरांतून ती त्याआधीच गेली होती. 'स्टेट बॉर्डर टॅक्स' नावाचा घरगुती सामानावर कोणताही कर नाही. टोल गाडीच्या फास्टॅगमधून कापला जातो, तो वेगळा रोख मागायचा असेल तर तसं आधी ठरलेलं हवं. दरात टोल, हमाली, दोन्हीकडचे जिने, गाडी सोसायटीच्या गेटपर्यंत न आल्यास छोट्या टेम्पोचा खर्च आणि जीएसटी धरला आहे की नाही, या पाच गोष्टी कोटेशनवर नावानिशी लिहून घेतल्या तर यातली निम्मी भांडणं उभीच राहत नाहीत.

विम्याच्या नावाखाली होणारी फसवणूक शेवटपर्यंत लक्षातही येत नाही. सामानाची किंमत 4 लाख धरून 3 टक्के, म्हणजे 12 हजार 'इन्शुरन्स' म्हणून घेतात आणि पावती देतात स्वतःच्या लेटरहेडवर. विमा फक्त विमा कंपनी देऊ शकते. पॉलिसी क्रमांक, विमा कंपनीचं नाव, तुमचं नाव, गाडीचा मार्ग आणि विम्याची रक्कम असलेलं प्रमाणपत्र गाडी निघायच्या आधी हातात नसेल तर ते 12 हजार विम्याचे नाहीत. खरी पॉलिसी असेल तरी ती कोणत्या कलमाखाली आहे ते वाचावं. 'इनलँड ट्रान्झिट बी' या प्रकारात आग, वीज, टक्कर, गाडी उलटणं असे मोजके धोके येतात. हमालाच्या हातून काचेचं कपाट पडलं तर त्यात काही मिळत नाही. 'ए' प्रकार व्यापक असतो, पण वापरलेल्या सामानाला तो देताना कंपन्या अटी घालतात, त्या विचारून घ्याव्यात.

बिल्टीवर, म्हणजे माल ताब्यात घेताना वाहतूकदार देतो त्या पावतीवर, बारकाईने बघायची आणखी एक जागा आहे. मालवाहतुकीचा 2007 चा कायदा आणि त्याखालचे 2011 चे नियम यांनुसार, मालाची किंमत वेगळी जाहीर करून जादा जोखमीचा दर ठरवला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती असते. भाडं 22 हजार लिहिलं असेल तर मर्यादा 2 लाख 20 हजार. पण बिलात भाडं 6 हजार आणि उरलेले 16 हजार 'पॅकिंग व हमाली' असं तोडून लिहिलं, तर भाड्याच्या हिशोबाने ती 60 हजारांवर आणायला वाहतूकदाराला जागा मिळते. तेव्हा भाड्याचा आकडा कमी दाखवू देऊ नये आणि मालाची किंमत बिल्टीवरच जाहीर करावी.

कंपनी खरी आहे का, हे पाच मिनिटांत बरंचसं कळतं. जीएसटी क्रमांक मागावा. तो 15 अक्षरांचा असतो: पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र 27, गोवा 30, कर्नाटक 29), पुढची दहा अक्षरं पॅनची. या क्रमांकातलं सहावं अक्षर बघावं. 'सी' असेल तर कंपनी, 'एफ' असेल तर भागीदारी, 'पी' असेल तर एकटी व्यक्ती. लेटरहेडवर 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि सहाव्या जागी 'पी' असेल तर तिथेच थांबावं. जीएसटीच्या सरकारी साइटवर तोच क्रमांक टाकला की नोंदणीचं नाव, तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे दिसतं. "25 वर्षांचा अनुभव" सांगणाऱ्याची नोंदणी चार महिन्यांपूर्वीची असली तर ती विचारण्यासारखी गोष्ट आहे. नामांकित कंपनीच्या नावात एखादा शब्द आगेमागे करून घेतलेली नावं या धंद्यात भरपूर आहेत, म्हणून लोगोवर जाऊ नये. टोकन ज्या खात्यात मागतात त्याचं नाव आणि जीएसटी नोंदणीचं नाव एकच असलं पाहिजे. गाडी दारात आली की नंबर प्लेटचा फोटो घ्यावा आणि एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर टाकून ती मालवाहू म्हणून नोंदलेली आहे ना, फिटनेस आणि विमा चालू आहे ना, हे बघावं. बिल्टीवर तोच नंबर यायला हवा.

आता पैसे कुठे वाचवायचे. गाडी, बिल्टी आणि विमा यांत वाचवू नये. तिथे वाचवलेले 10 हजार दुप्पट होऊन परत मागितले जातात. वाचवायला जागा घरात आहे. कपडे, चादरी, पुस्तकं, प्लॅस्टिकचे डबे स्वतः भरावेत. किराणा दुकानातली मजबूत खोकी, रद्दीचे कागद आणि रुंद ब्राउन टेप पुरते. पुस्तकांना लहान खोकी घ्यावीत, मोठ्या खोक्याचा तळ सुटतो. 12 वर्षांचं वॉशिंग मशीन, भुसा निघणारं पार्टिकल बोर्डचं कपाट, फुगलेल्या कापसाच्या गाद्या हलवण्यात अर्थ नसतो. गाडीत ते जेवढी जागा खातात त्याचं भाडं त्यांच्या किमतीच्या जवळ जातं. महिन्याची शेवटची आणि पहिली तारीख, शनिवार-रविवार टाळून मधल्या आठवड्यातला दिवस घेतला तर दर उतरतो, कारण भाडेकरार बहुधा महिनाअखेरीस संपतात आणि सगळ्यांना त्याच दिवशी गाडी हवी असते.

एसी मात्र मूव्हर्सच्या माणसाकडून काढून घेऊ नये. तो पाइपचे नट सैल करून गॅस हवेत सोडतो आणि नव्या घरी "गॅस संपलाय" म्हणून भरायचे पैसे घेतो. नेहमीचा मेकॅनिक बोलवावा आणि समोर उभं राहावं. एसी कूलिंगवर चालू ठेवून आउटडोअर युनिटच्या बारीक नळीचा व्हॉल्व्ह आधी अ‍ॅलन कीने बंद करतात, कॉम्प्रेसर आणखी मिनिटभर चालू ठेवतात म्हणजे गॅस आउटडोअरमध्ये खेचला जातो, मग जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करून लगेच एसी बंद करतात. एवढं केलं की गॅस आतच राहतो. पुढून दार उघडणाऱ्या वॉशिंग मशीनला मागच्या बाजूने ड्रम आवळणारे ट्रान्झिट बोल्ट लावावे लागतात. ते हरवले असतील तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून आधी मागवावेत, नाहीतर 800 किलोमीटरच्या हादऱ्यांत ड्रमचं सस्पेन्शन तुटतं. दागिने, मूळ कागदपत्रं, लॅपटॉप, औषधं आणि दोन दिवसांचे कपडे गाडीत चढवायचेच नाहीत. हे सामान स्वतःजवळ असलं तर अडवणुकीचा फोन आल्यावर निदान घाईत निर्णय घ्यावा लागत नाही.

पैशांचे टप्पे असे ठेवावेत: टोकन नाममात्र, माल गाडीत चढून बिल्टी हातात आल्यावर निम्मे, आणि किमान 20-25 टक्के सगळे नग मोजून घेतल्यावर. "डिलिव्हरीच्या आधी शंभर टक्के" म्हणणाऱ्याला सोडून द्यावं. शेवटची रक्कम हातात असेपर्यंतच तुमच्या शब्दाला किंमत आहे.

माल अडवलाच, तर फोनवर वाद घालू नये. मागणी व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागावी: किती, कशाचे, कोणत्या अटीखाली. मग 112 किंवा जवळचं पोलीस ठाणं. तिथे "हा दिवाणी मामला आहे" असं ऐकायला मिळण्याची शक्यता मोठी. तेव्हा लेखी अर्जात भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 चं पोटकलम 3 नमूद करावं. वाहतुकीसाठी ताब्यात दिलेल्या मालाबाबत वाहतूकदाराने केलेला विश्वासघात त्यात येतो आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. ऑनलाइन टोकन घेऊन माणूस गायब झाला असेल तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच तासात फोन करावा, खातं गोठवायला उशीर झाला की पैसे पुढे सरकतात. ग्राहक हेल्पलाइन 1915. ग्राहक आयोगात तक्रार करायला त्या कंपनीच्या गावी जावं लागत नाही. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, मुदत दोन वर्षं, आणि दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

जादा पैसे देऊनच माल सोडवावा लागला, तर ते बँकेतून कंपनीच्या खात्यातच द्यावेत आणि पावतीवर "निषेध नोंदवून रक्कम दिली" असं लिहावं. "माल सुस्थितीत मिळाला" या ओळीखाली आधी सही मागतील. तिथे स्वतःच्या अक्षरात "खोकी उघडून पाहिलेली नाहीत" लिहून फुटलेल्या आणि हरवलेल्या नगांचे क्रमांक टाकावेत, मगच सही. नुकसानीची लेखी नोटीस वाहतूकदाराला 180 दिवसांत पोचावी लागते, आणि हे दिवस माल मिळाल्यापासून नाही, बुकिंगच्या तारखेपासून मोजतात. नोटिशीत बिल्टी क्रमांक, गाडीचा नंबर, नगांचे क्रमांक आणि प्रत्येकाची किंमत लिहून ती स्पीड पोस्टाने बिल्टीवरच्या पत्त्यावर पाठवावी, पावती आणि पोच जपून ठेवावी. पाकीट "पत्ता सापडत नाही" असा शेरा घेऊन परत आलं तर ते फोडू नये, तसंच बंद ठेवून तक्रारीला जोडावं.