पेटंट म्हणून माझ्या हाती दिलं ते फक्त आकाराचं प्रमाणपत्र

डोक्यात एखादी नवी युक्ती घोळत असेल आणि 'तुमच्या कल्पनेचं पेटंट काढून देतो' अशा जाहिराती बघत असाल, तर आधी हे वाचा.

मी शिडीचे पाय बनवले होते. उंचसखल जागी शिडी टेकवली की एक पाय वर सरकतो, आतल्या वायरमुळे दुसरा तेवढाच खाली येतो आणि माणसाचं वजन पडताच एक पाचर आवळून दोन्ही पाय जागीच घट्ट होतात. ती पाचर जमायला मला आठ महिने लागले.

चित्रं एका कंपनीला पाठवली. दोन दिवसांत फोन: "शंभर टक्के पेटंट मिळणार." मी तेव्हाच थांबायला हवं होतं. पेटंटच्या तीन कसोट्या ट्रिप्स करारातच, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेवरच्या करारातच आहेत. वस्तू नवी हवी, म्हणजे अर्जाआधी ती कुठे जाहीर झालेली नको. त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचेल अशी नको. आणि उद्योगात बनवता किंवा वापरता यायला हवी. हे तपासायचं तर पहिला प्रश्न एकच, आधीच्यापेक्षा यात वेगळं काय? तो त्यांनी मला एकदाही विचारला नाही. पाचर कशी आवळते, हेसुद्धा नाही.

त्यांचा 'शोध अहवाल' जाडजूड होता, पण त्यात जुन्या पेटंटचा एकही क्रमांक नव्हता. सगळी बाजारपेठेची वर्णनं. तरी मी पैसे भरले. पुढे सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र आलं, ते आम्ही फ्रेम करून भिंतीवर लावलं.

मग तशीच पाचर असलेली शिडी दुसऱ्या कुणीतरी विकायला काढली. मी प्रमाणपत्र घेऊन एका पेटंट एजंटबाईंकडे गेलो. त्यांनी पानं उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली आणि विचारलं, "यात दावे कुठे आहेत?"

पेटंटचा जीव दाव्यांत असतो. नेमकं काय तुमचं, हे तिथे शब्दांत बांधलेलं असतं. माझ्या कागदांवर समोरून, मागून, बाजूने, वरून काढलेली चित्रं होती, बस्स. ती डिझाइनची नोंदणी होती. तिने बाहेरचं रूप राखलं जातं, आतली यंत्रणा नाही. समोरच्याने पायाचा आकार बदलला होता, त्यामुळे त्याला हात लावता येईना.

म्हटलं, आता तरी खरा अर्ज करू. बाईंनी एस्पेसनेटवर, म्हणजे युरोपीय पेटंट कार्यालयाच्या जगभरातल्या पेटंटांच्या ऑनलाइन संग्रहात शोध घेतला. तिथे कुणालाही फुकट शोधता येतं. वायरची रचना जुन्या पेटंटांत निघाली. पाचर मात्र कुठेच सापडली नाही. पण कंपनीने 'गुंतवणूकदारांसाठी' म्हणून तिची सगळी रेखाचित्रं दीड वर्षापूर्वीच इंटरनेटवर टाकली होती! वस्तू आपल्याच बाजूने जाहीर झाली, तरी तिचं नावीन्य जातं. अमेरिकेत अशा वेळी एक वर्षाची सवलत मिळते, ती उलटून गेली होती. युरोपात तर तशी सर्वसाधारण सवलतच नाही. 'जागतिक पेटंट' म्हणूनही त्यांनी मला काहीतरी विकायला बघितलं होतं. तसं पेटंट अस्तित्वातच नाही. पीसीटी या आंतरराष्ट्रीय पेटंट सहकार्य कराराखाली होतो तो फक्त अर्ज असतो, मंजुरी ज्या त्या देशाची किंवा प्रादेशिक कार्यालयाची.

तुमच्याकडे असा कुणी आला तर पैसे देण्याआधी त्याच्याकडे जुन्या पेटंटांचे क्रमांक मागा, दाव्यांचा मसुदा मागा. गुप्ततेचा करार सही होईपर्यंत चित्र दाखवू नका. अर्ज केला म्हणाला तर क्रमांक घ्या आणि तो पेटंटचा आहे की डिझाइनचा, हे पेटंट कार्यालयाच्या नोंदीत स्वतः बघा.