पट कुठे मांडायचा? किनारा, टेकडी, गच्ची की पार्किंग

रात्री उघड्यावर बोर्ड गेम खेळायचं ठरलं की चर्चा हटकून देखाव्याकडे वळते. कुणाला समुद्र हवा असतो, कुणाला डोंगर, आणि चांदणं तर सगळ्यांनाच. पण डाव रंगात येईस्तोवर काळोख झालेला असतो. दिव्याच्या उजेडापलीकडचं काही दिसत नाही, आणि खेळणाऱ्यांचा संबंध उरतो तो वारा, दव आणि उजेड यांच्याशी. म्हणून इथे चार जागांची तुलना देखावा बाजूला ठेवून केली आहे.

वाळूचा किनारा ही बहुतेकांची पहिली पसंती आणि माझी शेवटची. वाऱ्याचं एक वेळ जमवता येतं. दिवसा समुद्राकडून येणारा वारा संध्याकाळी मंदावतो आणि रात्री बहुधा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. मधल्या वेळात हवा पडलेली असते. खरा त्रास वाळूचा. पत्त्याच्या स्लीव्हमध्ये, म्हणजे त्यावरच्या प्लास्टिकच्या पिशवीत, एक कण शिरला की पिसताना करकर सुरू होते, आणि घरी आल्यावर खोक्याच्या कोपऱ्यातून वाळू महिनोन्‌महिने निघत राहते. त्यात लोक हौसेने पौर्णिमा निवडतात. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरतीला उधाण असतं, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. ओहोटी आणि भरती यांत साधारण सव्वासहा तासांचं अंतर असतं. संध्याकाळी सहाला पाणी लांब दिसलं म्हणून तिथेच सतरंजी अंथरली, तर मध्यरात्री ती गुंडाळायची घाई होणार. चांदण्यात खेळू असं म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: तेवढ्या उजेडात डोळ्यांना आकार कळतात, रंग जवळजवळ कळत नाहीत. सोंगट्या निळ्या की हिरव्या, यावरूनच वाद.

टेकडीचं पठार वाळूपेक्षा स्वच्छ, पण वाऱ्याला तिथे आडोसा नाही. जड खोकं वर चढवायचं आणि अंधारात उतरवायचं, तेही झोपेत. टेकडीवर जायचंच तर पट घरी ठेवा आणि ‘माफिया’ खेळा, म्हणजे गावकऱ्यांत लपलेले गुन्हेगार ओळखण्याचा खेळ. दिमित्री दाविदोव्हने १९८६ मध्ये मॉस्कोत रचलेल्या या खेळाला कागदाच्या चिठ्ठ्या सोडून काही लागत नाही. आठ-दहा माणसं हवीत आणि एक सूत्रधार. ‘गावाला झोप लागली’ हे सूत्रधाराचं वाक्य खऱ्या काळोखात म्हटलं की जे होतं, ते दिवाणखान्यात होत नाही. टेकडीचा एवढा एक गुण मात्र कबूल.

गच्ची हा मधला मार्ग. प्लग, पाणी, स्वच्छतागृह सगळं हाताशी, आणि पावसाचा थेंब पडला तर दोन मिनिटांत आत. वारा जमिनीपेक्षा जास्त, पण पाण्याच्या टाकीच्या किंवा जिन्याच्या खोलीच्या आडोशाला बसलं की निम्मा कमी होतो. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी उष्णता सोडत राहतो, त्यामुळे उन्हाळ्यात लवकर बसण्यात अर्थ नाही. उशिरा बसायचं तर खालच्या मजल्यावर झोपलेल्यांचा विचार हवा. आरडाओरड्यापेक्षा ओढलेल्या खुर्च्या जास्त त्रास देतात, म्हणून सतरंजी बरी. माणसं जास्त असतील तर गच्चीवर ‘कोडनेम्स’ हा सूचनेवरून शब्द ओळखायचा दोन संघांचा खेळ उत्तम जमतो. त्यातले २५ शब्दपत्ते एकदा पाच गुणिले पाच मांडले की डावभर जागचे हलत नाहीत. त्यांच्यावर जाड पारदर्शक प्लास्टिक पसरून कडांना वजन ठेवा, आणि ओळखलेल्या शब्दावर रंगीत पत्त्याऐवजी रंगवलेला खडा किंवा मोठं बटण. चौकोनी टाइल्स जोडत नकाशा मांडायचा ‘कार्कासॉन’ मात्र इथे काढू नका. ७२ हलक्या टाइल्स, वाढत जाणारा नकाशा, आणि सतरंजीला पडलेली एकच चुणी. कुणीतरी पाय लांब केला की तटबंदी रस्त्याला जाऊन भिडते.

आता ज्या जागेचं नाव काढलं की मंडळी नाकं मुरडतात ती: वर छप्पर आणि बाजू मोकळ्या असलेलं पार्किंग, किंवा तशीच एखादी रिकामी शेड. माझं मत हिला. दव पडतं ते मोकळ्या आभाळाखाली, कारण निरभ्र रात्री वस्तू आपली उष्णता आभाळाकडे सोडून गार होतात आणि हवेतली वाफ त्यांच्यावर जमते. छपराखाली हे फारसं होत नाही. दवाचं नुकसान लगेच दिसतही नाही. ओल एका बाजूने जास्त शोषली की पुठ्ठ्याचा पट कडेला किंचित उचलला जातो आणि मग कधी सपाट बसत नाही. मोठा, महागडा, तीन तासांचा खेळ बाहेर न्यायचा असेल तर तो इथेच न्यावा.

पार्किंगची खोड उजेडात असते. जुने पिवळे सोडियमचे दिवे असतील तर रंगांचा पार चिखल होतो. रस्ते आणि वसाहती उभारण्याच्या ‘कातान’मध्ये लाल आणि नारिंगी खेळाडू समोरासमोर बसले, की कुणाचा रस्ता कुणी अडवला ते सांगता येत नाही. स्वतःचा पांढरा दिवा न्या आणि तो डोक्यावरून खाली टांगा. हेडलॅम्प नको, समोरचा बोलला की आपण मान वर करतो आणि झोत थेट त्याच्या डोळ्यांत जातो. निळसर पांढऱ्या दिव्यावर किडे जास्त येतात, म्हणून किंचित पिवळसर पांढरा निवडा. गाड्यांच्या वाटेत बसू नका आणि जागा ज्याची असेल त्याला आधी विचारा. रखवालदाराला डाव समजावून सांगण्यात अर्धा तास जातो आणि कधीकधी तोच पाचवा खेळाडू होतो.

थोडक्या माणसांचा लांब खेळ असेल तर पार्किंग, दहा-बारा जणांची धमाल असेल तर गच्ची, आणि पट नसलेल्या खेळासाठी टेकडी. किनाऱ्याचाच हट्ट असेल तर रमीसारखा, पण पत्त्यांऐवजी टाइल्सचा ‘रमीकब’ न्या. त्याच्या १०६ प्लास्टिकच्या टाइल्स वाऱ्याला दाद देत नाहीत, आणि घरी आल्यावर बादलीत टाकून धुता येतात.