दोन्ही कानांनी ऐकलं, तरी फसले

माझ्या उजव्या कानाला कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं उपकरण) आहे, डाव्या कानात ऐकण्याचं मशीन. फोनवरचं बोलणं थेट कानात यावं म्हणून मी ‘कोणत्याही मशीनला चालणारा’ ब्लूटूथ स्ट्रीमर घेतला. विक्रेत्याने तो माझ्या गळ्यात घातला, फोनवर गाणं लावलं आणि मला ते स्पष्ट ऐकू आलं. मी एकटीच गेले होते. लगेच पैसे दिले.

घरी लावून दाखवला तर मुलगा म्हणाला, “आई, हे गाणं मलाही ऐकू येतंय.”

स्ट्रीमरच्या आत बारीकसा स्पीकर होता. त्याचा आवाज माझ्या मशीनचे माइक पकडत होते, बाकी काही नाही. आवाज कोणत्या बाजूने येतोय हे मला नीट कळत नाही. आमच्यापैकी अनेकांना कळत नाही. त्या माणसाने याचाच फायदा घेतला. पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं.

ऑडिओलॉजिस्टनी (श्रवणतज्ज्ञांनी) तो तपासला. तो साधा नेकलूप निघाला. गळ्यातल्या तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि मशीनमधली टेलिकॉईल, म्हणजे तारेची बारीक गुंडाळी, ते पकडते. माझ्या डाव्या मशीनमध्ये टेलिकॉईलच नाही. उजव्या प्रोसेसरमध्ये (इम्प्लांटच्या बाहेरच्या भागात) होती, पण बंद. मॅडमनी ती चालू करून दिली, तेव्हा घरघरीसह थोडं बोलणं ऐकू आलं. डावीकडे शांतता.

मुळात सगळ्या मशीनना चालेल अशी एक पद्धतच नाही. काही मशीन आयफोनशी थेट जोडली जातात, काही अँड्रॉइडच्या ‘आशा’ पद्धतीने (ती २०१९ मध्ये अँड्रॉइड १० बरोबर आली, तरी प्रत्येक फोनमध्ये असतेच असं नाही), काही साध्या ब्लूटूथने, नवी काही एलई ऑडिओ या ब्लूटूथच्या नव्या पद्धतीने. जुन्या बऱ्याच मशीनना त्याच कंपनीचं जोडउपकरण लागतं. म्हणून मशीन आणि फोन, दोन्हींचे मॉडेल नंबर मशीनच्या कंपनीच्या यादीत आधी पाहा.

आणि ऐकून बघताना मशीनचे माइक बंद करा. तरीही आवाज आला, तरच तो थेट येतोय. माइक बंद करता येत नसतील तर नीट ऐकू येणारं कोणीतरी शेजारी उभं करा.

विक्रेता आधी म्हणाला, कानाची वस्तू उघडल्यावर परत घेत नाही. ती कानाला लागतच नाही म्हटल्यावर म्हणाला, तुमचंच मशीन जुनं आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत. खोक्यावरच्या ‘सर्व मशीनना चालतो’ या ओळीचा फोटो, पावती आणि ऑडिओलॉजिस्टचं पत्र मी तक्रारीला जोडलं आहे.