खणाच्या पाऊचला फ्युजिंग कोणतं? पेपर, मायक्रोडॉट आणि बकरम

खण दिसतो भारदस्त, पण हातात घेतला की पातळ. आतून फ्युजिंगचा, म्हणजे इस्त्रीने कापडाला चिकटवायच्या थराचा, आधार नसेल तर पाऊच पहिल्याच दिवशी मान टाकतो. शिंपीकामाच्या सामानाच्या दुकानात नुसतं ‘फ्युजिंग द्या’ म्हटलं की बहुधा पांढरं पेपर फ्युजिंग पुढे येतं, कारण ते स्वस्त. खणासाठी मात्र मायक्रोडॉट मागून घ्यावं. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

मायक्रोडॉट हे विणलेलं कापडच असतं, एका बाजूला गोंदाचे बारीक ठिपके. बोट फिरवल्यावर खरखरीत लागते ती चिकटणारी बाजू. ते खणाबरोबर वळतं, त्यामुळे पाऊच सुलटा करताना कायमच्या चुण्या पडत नाहीत. खणाचे धागे कात्री लागताच सुटायला लागतात, म्हणून आधी फ्युजिंग चिकटवा आणि मगच मापाने कापा. ३६ इंच पन्ह्याच्या मीटरभर फ्युजिंगमध्ये १० × ८ इंचांचे १२ तुकडे बसतात. अर्धा इंच शिलाई सोडली की ९ × ७ चे सहा पाऊच झाले.

चिकटवण्यातच बहुतेकांचं फसतं. बाजारातला बराचसा खण पॉलिएस्टर मिसळलेला असतो, त्यामुळे इस्त्री मध्यम आणि वर सुती फडकं हवंच. एका जागी १०-१२ सेकंद दाबा, उचला, पुढच्या जागी ठेवा. घासली की फ्युजिंग सरकतं. फुगे आले तर कारण ओळखा. उष्णता कमी पडली असेल तर पुन्हा दाबल्यावर बसतात. खण आटल्यामुळे आलेले फुगे मात्र कशानेही जात नाहीत, म्हणून कापडावर आधीच वाफेची इस्त्री फिरवून घ्यावी. आणि तुकडा पूर्ण थंड होईपर्यंत हलवू नये.

पेपर फ्युजिंग अगदीच टाकाऊ नाही. आहेराच्या पाकिटाला ते उत्तम: एकच घडी, धुण्याचा प्रश्न नाही. धुतल्यावर मात्र ते आतल्या आत चुरगळतं.

बकरम, म्हणजे जाड कडक कापड, फक्त पिशवीच्या तळाला आणि मॅग्नेट बटणामागे. बटणामागे दीड इंचाचा चौकोन लावला नाही तर महिन्याभरात खण तिथेच फाटतो. तळाचं बकरम चारही बाजूंनी अर्धा इंच लहान कापावं. शिलाईत अडकलं तर कोपरे जाड होतात आणि १४ नंबरची सुई मोडते. तिथे १६ नंबर लावा, टाका ३ मिमी ठेवा.

संक्रांतीच्या वाणाला नाडीचे बटवे शिवणाऱ्यांनी वरचे तीन इंच फ्युजिंगविना सोडावेत, नाहीतर नाडी ओढली तरी तोंड मिटत नाही.

दुकानात मायक्रोडॉटची गोंदाची बाजू तळहातावर चोळून पाहा. पांढरी भुकटी पडली तर माल जुना आहे, घेऊ नका. नव्या मालाचाही एक तुकडा खणाच्या कातरणीवर चिकटवून, थंड झाल्यावर कोपरा नखाने ओढून बघा. सहज सुटला तर तो पाऊच शिवतानाही सुटणार.