नॉन-रिफंडेबल रूमचे पैसे अडकले: १९१५ ला फोन की ग्राहक आयोग?
बेळगाव-खानापूरकडनं गोव्याला जायचं ठरतं, स्वस्त पडते म्हणून नॉन-रिफंडेबल रूम घेतो आणि ऐनवेळी घरात कोण आजारी पडलं की हॉटेलवाला म्हणतो ॲपला विचारा, ॲपवाला म्हणतो हॉटेलला. १९१५ ही सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, फोन फुकट, पण ते मध्यस्थी करतात, कंपनी नाहीच म्हणाली तर हुकूम देऊ शकत नाहीत. ग्राहक आयोग, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचं कोर्ट, हुकूम देतो. वेळ लागतो खरा, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं केस आपल्या राहत्या जिल्ह्यात घालता येते, पणजीला खेटे नकोत, ५ लाखांपर्यंतच्या बिलाला फी शून्य, फक्त २ वर्षांच्या आत घाला. आपणच रद्द केलं असेल तर बाजू कच्ची, मग आधी तारीख बदलून मागा आणि १९१५ बघा. हॉटेलनंच रूम नाकारली असेल तर मी म्हणेन आयोगच. कॅन्सलेशनच्या अटीचा स्क्रीनशॉट मात्र बुकिंग करतानाच काढा.