टेबलावर गाणं ऐकायचंय: साडेतीन इंची स्पीकर, पाच इंची की हेडफोन?

आधी टेप घेऊन टेबल मोजा. माझं टेबल ४ फूट बाय २ फूट, इंदूरला रामबागेतल्या जुन्या घरात, १० बाय ११च्या खोलीत भिंतीला टेकवलेलं. त्यावर लॅपटॉप, पाण्याची बाटली आणि नको तितके कागद. सोफ्यावर बसून ऐकायच्या स्पीकरचं गणित इथे चालत नाही. इथे स्पीकर आणि कान यांच्यात जेमतेम ७० सेंमी असतात. भिंतींवर आपटून येणाऱ्या आवाजापेक्षा थेट येणारा आवाज त्यामुळे वरचढ ठरतो, आणि ताकदही फार लागत नाही. अंतर निम्मं झालं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. दुकानदार वॅट सांगायला लागला की हूं म्हणायचं आणि पुढचं विचारायचं.

खाली सबवूफर (फक्त बासचा डबा) आणि वर दोन डबड्या, असा २.१ सेट मी यादीतूनच काढला. त्यात गवयापेक्षा डग्गा मोठा होतो. वेगळा अँप्लिफायर आणि साधे बुकशेल्फ स्पीकर हा मार्ग चांगला, पण घरात वडिलांच्या वेळचा चालू अँप्लिफायर असेल तरच. त्यात एक मोठा फायदा आहे: अँप्लिफायर बिघडला तरी स्पीकर शाबूत राहतात. अँप्लिफायर पोटातच असलेल्या स्पीकरचं आतलं बोर्ड गेलं की अख्खा डबा मुका. तरीही दोन फुटी टेबलावर आणखी एक पेटी आणि वायरींचं जंजाळ ठेवायचं कुठे? म्हणून उरतात मॉनिटर, म्हणजे जवळ बसून ऐकायचे, अँप्लिफायर आत असलेले स्पीकर, आणि हेडफोन.

मॉनिटरमध्ये साडेतीन इंची की पाच इंची (हे माप खालचे स्वर काढणाऱ्या मोठ्या पडद्याचं), हा खरा घोळ. प्रीसोनसच्या साडेतीन इंची एरिस ई३.५ची खालची मर्यादा, म्हणजे किती खालचा स्वर नीट वाजतो ती, कंपनी ८० हर्ट्झ देते, जेबीएलच्या पाच इंची ३०५पीची ४९ हर्ट्झ. कागदावर पाच इंची जिंकला. आता हे आकडे गाण्यात लावून बघा. गवई काळी एकात गात असेल तर त्याचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा, मंद्र पंचम १०४चा आणि मंद्र षड्ज ६९चा. तानपुऱ्याची खर्जाची तारही तिथेच, ६९वर. म्हणजे खर्जाचा मूळ स्वर साडेतीन इंचीच्या उंबरठ्याबाहेर राहतो. पण तानपुरा ऐकू येतोच! जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तार घासून येणाऱ्या झंकारामुळे, त्या तारेतून १३९, २०८, २७७ असे वरचे स्वर भरभरून निघतात, आणि त्यांच्यावरून खालचा ६९ कान आपला आपण जुळवून घेतो. हरवतं ते अंगाला जाणवणारं वजन. आमच्या इंदूरच्या अमीर खाँसाहेबांसारखा मंद्रात रेंगाळणारा गवई ऐकताना हे वजन नसल्याचं कळतं. नाट्यगीतात किंवा बासरीत शोधूनही सापडणार नाही.

माझ्याकडे पाच इंची आहेत, आणि तरी माझ्यासारखं टेबल असलेल्याला मी साडेतीन इंचीच घ्या म्हणतो. पाच इंची डबा २३ सेंमी खोल. मागच्या हवेच्या छिद्रासाठी आणि वायरीसाठी १० सेंमी सोडले की ६० सेंमीच्या टेबलावर लॅपटॉपला २७ उरतात. शिवाय जवळ बसल्याने खोलीचे गुण-दोष वरच्या स्वरांत कमी होतात, खालच्या स्वरांत होत नाहीत. १० बाय ११ फुटांची खोली ५१ आणि ५६ हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते, त्यात भिंत मागून भर घालते. पहिले पंधरा दिवस माझ्याकडे डग्ग्याचा ‘गे’ (खालचा घुमारा) पुढच्या मात्रेपर्यंत लोळत होता. मग स्पीकरमागचं बास कमी करायचं बटण खाली केलं, टेबल वीतभर पुढे ओढलं, तेव्हा तो उठून बसला. सुदामानगरच्या मित्राकडच्या साडेतीन इंचीला यातलं काहीच करावं लागलं नाही. टेबल भिंतीपासून सुटं असेल, खोली मोठी असेल, तर मात्र बेशक पाच इंची.

कुठलाही घ्या, उंची चुकली तर दोन्ही सारखेच वाईट. खुर्चीत बसल्यावर कान टेबलाच्या वर ४० ते ४५ सेंमी असतो, आणि पाच इंचीचा ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा पडदा) टेबलावर ठेवल्यास जेमतेम २२-२३वर येतो. मग अर्धा आवाज टेबलावर आपटून कानात शिरतो आणि स्वर पत्र्याच्या डब्यात गायल्यासारखा होतो. तपासायची सोपी युक्ती: स्पीकर आणि आपल्यामध्ये टेबलावर हाताचा आरसा आडवा ठेवून सरकवत न्या. जिथे आरशात ट्वीटर दिसेल तिथून आवाज उसळतोय. मी दोन्हीकडे जुन्या दिवाळी अंकांचे सारखे गठ्ठे लावले, वर जुन्या रबरी सपातांचे तुकडे ठेवले आणि स्पीकरचं नाक थोडं वर केलं. बायको म्हणाली, शेवटी दिवाळी अंक कामाला आले. दोन स्पीकरमध्ये जितकं अंतर, तितकंच प्रत्येकापासून आपलं डोकं. एवढं जमलं की निम्म्या किमतीचा स्पीकर दुप्पट किमतीच्याला तोंड देतो.

हेडफोनचं वेगळंच. खोली, टेबल, भिंत, सगळं बाद, आणि रात्री बाराला कुणाची झोपमोड नाही. त्याच पैशात तपशील स्पीकरपेक्षा जास्त मिळतो. श्वास, तंबोऱ्यावरचं बोट, सगळं. पण जुनं शास्त्रीय ध्वनिमुद्रण बहुतेक मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. ते हेडफोनवर लावलं की बुवा थेट कवटीच्या मधोमध येऊन बसतात. स्पीकरवर तेच बुवा दोन डब्यांच्या मध्ये, समोर, हातभर अंतरावर दिसतात. मला समोरचे बरे वाटतात. त्यातून ओपन-बॅक (मागून उघडा) प्रकार स्वराला मोकळा, पण बाहेरचं सगळं आत येऊ देतो. मे महिन्यात पाचवर फिरणारा पंखा आणि सकाळी गाणं वाजवत येणारी कचरागाडी, दोघंही मैफलीत सामील. आणि सेनहायझर एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा (म्हणजे जास्त विरोधाचा) हेडफोन लॅपटॉपच्या भोकात लावून आवाज दबका वाटला तर त्याचा दोष नाही, त्याला छोटा अँप्लिफायर लागतो.

एका गोष्टीला तयार राहा. लॅपटॉप चार्जिंगला लावला की स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येऊ शकतो. आमच्याकडे आला. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतलं तेव्हा कमी झाला, आणि छोटा यूएसबी इंटरफेस (लॅपटॉपबाहेरचं साउंड कार्ड) घेऊन बॅलन्स्ड केबल (वाटेतली घरघर कापणारी) लावली तेव्हा गेला. अर्थिंगची पिन काढून टाकणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. घूं नसेल तर वेगळा डॅक (डिजिटल गाण्याचा आवाजाचा संकेत करणारी डबी) सुरुवातीला घेऊ नका, लॅपटॉपचं भोक पुरतं. ब्लूटूथ ठीक, पण तार असताना तार.

अडचण फक्त रात्रीची असेल, किंवा घर भाड्याचं आणि टेबल रोज बदलतं असेल, तर हेडफोन घ्या आणि स्पीकरचा विषय सोडा. बाकीच्यांनी दुकानात जाताना आपला पेनड्राइव्ह न्यावा. तिथे बास फुगवलेलं लग्नाचं गाणं लावतील, त्यावरून काही ठरत नाही. एखादा जुना मोनो विलंबित ख्याल लावायला सांगा, आवाज गप्पांइतकाच ठेवा, स्टूल ओढून ७० सेंमीवर बसा. बुवा मधोमध उभे राहिले पाहिजेत. मग गाणं थांबवून कान जवळ न्या: काही मॉनिटर गप्प असतानाही सूंऽऽ करत असतात. दुकानाच्या गलक्यात ते ऐकू येत नाही, घरी रात्री अकराला येतं. म्हणून परत करायची मुदत किती ते बिलावर लिहून घ्या.