फ्लास्क : हापूसच्या मागण्या नोंदवणारे फ्रेमवर्क

रत्नागिरीच्या बागायतदारांना हापूसच्या पेट्यांची मागणी ग्राहकांकडून थेट नोंदवून घेता यावी, यासाठी उभारलेल्या संकेतस्थळासाठी मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील फ्लास्क हे फ्रेमवर्क, म्हणजे संकेतस्थळे उभारण्याचा तयार सांगाडा, वापरतो. आर्मिन रोनाखर यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या या फ्रेमवर्कमधील रिक्वेस्टची (ब्राउझरकडून येणाऱ्या विनंतीची) हाताळणी मला मनापासून आवडते. अर्जातील एखादा रकाना थेट नावाने मागितला आणि तो आलेलाच नसेल, तर फ्लास्क स्वतःहून ४०० (‘चुकीची विनंती’) हा प्रतिसाद देते; रकान्याचे मूल्य वाचणाऱ्या ‘गेट’ पद्धतीला पूर्णांकाचा प्रकार सांगितला, तर ‘दोन’ असे अक्षरी लिहिलेले मूल्य नाकारले जाऊन ठरवलेले पर्यायी मूल्य मिळते. विशेष म्हणजे ग्राहकाने ‘१२’ असे देवनागरी अंक टाकले तरी ते बिनचूक बारा म्हणूनच वाचले जातात, कारण पायथनला हे अंक मुळातच समजतात. आपल्याकडच्या वापरासाठी ही फार मोलाची सोय आहे.

रिस्पॉन्सही, म्हणजे परत जाणारे उत्तरही, सुटसुटीत आहे : फंक्शनमधून डिक्शनरी (नाव-मूल्यांच्या जोड्यांचा संच) परत केली की तिचा जेसन, म्हणजे माहिती पाठवण्याचे मजकूर-स्वरूप, आपोआप तयार होतो. मात्र मूळ मांडणीत देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह सहा बाइटांच्या सांकेतिक रूपात जाते, तर यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत त्याला तीनच बाइट पुरतात. पावसाळ्यात किनाऱ्यालगतच्या गावांत नेटवर्क रडतखडत चालते, तेव्हा हे सांकेतिक रूप वापरायला लावणारी ‘एन्शुअर आस्की’ ही मांडणी बंद करणे श्रेयस्कर. पिनकोड सहा अंकी आहे की नाही, यासारखी पडताळणी मात्र फ्लास्क करत नाही. ती स्वतः लिहावी लागते किंवा वेगळी लायब्ररी (तयार कोडचा संच) जोडावी लागते.